टाचेतला पितळी खिळा

आमच्या पोग्रादेत्समध्ये माणूस मेला की त्याला पुरतात, आणि माणसाने नमस्कार करणं सोडलं की त्याला जिवंतपणीच पुरतात.

रोज संध्याकाळी सगळं गाव तळ्याकाठी फेरी मारतं. जुन्या हॉटेलापासून शेवटच्या चिनारापर्यंत, आणि परत. समोरून ओळखीचं कुणी आलं की पहिल्या वेळी तोंडाने नमस्कार, दुसऱ्या वेळी नुसती मान, तिसऱ्या वेळी भुवई. चौथ्या वेळी काहीच करायचं नसतं, पण जो चौथी फेरी मारतो तो घरी भांडून आलेला असतो, म्हणून त्याला कॉफी पाजायची असते. हे नियम कुठे लिहिलेले नाहीत. लिहिले असते तर कुणी पाळले नसते.

माझ्या थिमी मामाने यातला पहिलाच नियम मोडला होता, आणि मला पत्ता नव्हता. मी चार वर्षं राजधानीत, तिरानात, मार्केटिंग शिकत होतो. सप्टेंबरात परत आलो तेव्हा मामाच्या बूटदुरुस्तीच्या दुकानात आठवड्याला तीन गिऱ्हाइकं येत होती. गावातले बूट फाटायचे थांबले नव्हते. लोक फाटके बूट पिशवीत घालून मामाच्या दुकानासमोरून जायचे, बसमध्ये बसायचे, तासभर प्रवास करून कोर्चाला जायचे आणि तिथे दुरुस्त करून आणायचे.

मी परतलो त्याच आठवड्यात लारिसाहून ओलिंबीताईचा फोन आला. ती मामाची एकुलती एक मुलगी, लग्न करून ग्रीसमध्ये राहते, चौथ्या मजल्यावर.

"नेस्ती, आई जाऊन दोन वर्षं झाली," ती म्हणाली. "बाबा दिवसभर रिकाम्या दुकानात बसतात. मी डिसेंबरात संत निकोलसच्या सणाला येते. तोवर दुकान चालायला लागलं तर राहू देत तिथे. नाहीतर मी त्यांना घेऊन जाणार. लिफ्ट आहे, हीटर आहे, बाल्कनीही आहे."

"बाल्कनीतून काय दिसतं?" मामाने मागून विचारलं.

"समोरची बाल्कनी दिसते, बाबा."

फोन ठेवल्यावर मामा बराच वेळ एकाच बुटाला पॉलिश करत राहिला. मग म्हणाला, "ग्रीसला गेलेला माणूस फक्त ऑगस्टमध्ये परत येतो. उरलेले अकरा महिने तो असतो की नाही, हे कुणी बघितलंय? मला नाही जायचं, नेस्ती."

"नाही जाणार तू," मी म्हणालो. "आपल्याला ब्रँड नाही, एवढंच दुखणं आहे."

"ते कुठे दुखतं?"

आमच्या सरांनी शिकवलं होतं की गिऱ्हाइकाला त्याने न मागितलेली एक लहानशी गोष्ट द्यावी. मोठी नको, मोठ्या गोष्टीचा संशय येतो. म्हणून मी दुरुस्त झालेल्या प्रत्येक जोडीच्या डाव्या बुटात कागदात गुंडाळलेला एकेक लोकुम, म्हणजे साखरेची मऊ वडी, ठेवायला लागलो. पहिला लोकुम कचेरीतल्या म्हाताऱ्या कारकुनाच्या वाट्याला आला. तो दोन दिवस त्यावरून चालला. त्याला वाटलं, थिमीने वयाचा विचार करून काहीतरी मऊ घातलंय. तिसऱ्या दिवशी त्याने तो काढला. पुढे त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट मी शोधली नाही, ती आपोआप घडली. शेजारच्या केशकर्तनालयातली झानेता एक दिवस दोन्ही बूट हातात घेऊन आत शिरली. झानेता बोलत बोलतच येते, बोलणं आधी आणि ती मागाहून.

"थिमी, मी काय सर्कशीत आहे? हा सोल काळा आणि हा तपकिरी!"

मामाने मान वर केली आणि तिच्या खांद्याच्या जरा बाजूला बघितलं.

मी लगेच पुढे झालो. "झानेताकाकू, ही आमची नवी ओळख आहे. पाऊल उचललं की दिसावं, कुणाकडून आलात ते."

"तिरानात असं घालतात?"

"फक्त हुशार बायका."

ती गेली. आठवड्याभरात तिच्या दोन मैत्रिणींनी तसेच सोल मागितले. मी आनंदाने मामाकडे वळलो, तर तो झानेताच्या सोलांचे उरलेले तुकडे बोटांनी चाचपत होता. "एक काळा, एक तपकिरी," तो हळूच म्हणाला. "अस्सं." मग त्याने दुपारभर कामाला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा त्याने पुन्हा दुरुस्तीला आलेल्या, कारकुनाच्या बुटाच्या टाचेत एक पितळी खिळा ठोकला होता. बुटात हात घालून तो दाराशेजारच्या दगडी पायरीवर ते बूट चालवत होता, गुडघ्यावर बसून, डोळे मिटून. टक, टिंग. टक, टिंग. त्याने तोंड वाकडं केलं, खिळा उपटला, अर्धं सूत बाजूला मारला. टक, टिण्. आता चेहरा खुलला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ब्रँड," मामा म्हणाला.

त्या संध्याकाळी मामा फेरीला गेलाच नाही. फेरीच्या वाटेवर, दुकानासमोरच्या बाकावर मान खाली घालून बसून राहिला. तळ्यावरून धुकं आलं होतं, दिव्यांना कापूस लागला होता, माणसं गळ्यापर्यंत होती आणि वर नव्हती. कारकून पंधरा पावलांवर असेल तेव्हा मामा वर न बघताच म्हणाला, "शुभ संध्याकाळ, स्पिरो. गुडघा कसा आहे?"

कारकून जागच्या जागी थांबला. पंचेचाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला धुक्यातून कुणी नावाने ओळखलं तर त्याला काय वाटत असेल, ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. त्याने टोपी काढली. घरी जाऊन तो मुलाचे, सुनेचे आणि वारलेल्या भावाचे बूट घेऊन आला.

मग नोव्हेंबरात औषधवाल्या वांजेलची टाच निखळली, नेमकी आमच्या दारासमोर. कोर्चाची बस सकाळपर्यंत नव्हती. वांजेल एका पायावर उभा राहिला आणि आमच्या दुकानाकडे असं बघायला लागला की जणू ते शत्रूचं राज्य आहे. शेवटी आत आला, बूट माझ्या हातात दिला, मामाकडे पाठ केली आणि काम होईतो भिंतीवरच्या कॅलेंडरचा ऑगस्ट महिना वाचत राहिला. मामाने टाच बसवली, खिळा मारला, पायरीवर चालवून पाहिला.

दुसऱ्या दिवशी फेरीत बाकावरून आवाज गेला, "शुभ संध्याकाळ, वांजेल!"

वांजेल इतक्या झटक्यात थांबला की मागची चार माणसं त्याच्यावर आदळली. "शुभ संध्याकाळ, थिमी," तो म्हणाला. तासाभरात त्याच्या घरातले सहा जोड आमच्या टेबलावर होते.

त्यानंतर गाव धडपडत आलं. मी पाटी रंगवून घेतली: "थिमी. तुम्ही यायच्या आधीच तुम्हाला ओळखतो." कोर्चाहून लोक बसने यायला लागले, बूट दुरुस्त करून घ्यायचे, रात्रीपुरती खोली घ्यायचे आणि फेरीत दोनदा बाकासमोरून जायचे, नुसतं आपलं नाव ऐकायला. प्रत्येकाच्या खिळ्याची जागा निराळी, म्हणून आवाज निराळा. संध्याकाळी धुक्यातून दोनशे टाचा वाजत यायच्या, आणि तळं मध्येच थांबून ऐकतंय असं वाटायचं. चालणाऱ्यांची पावलं नकळत एका लयीत पडायला लागली. कुणी ठरवलं नव्हतं. फक्त नवं लग्न झालेलं एक जोडपं वेगळ्या तालात चालायचं, आणि सगळे त्यांना माफ करायचे.

तोटेही झाले. पत्ते खेळून उशिरा परतणारे नवरे बूट हातात घेऊन जिना चढायला लागले. मासेमार किचो एकदा धुक्यात तळ्यावर अडकला. टाचांचा आवाज ऐकून तो किनाऱ्याकडे वल्हवायला लागला, पण फेरी चिनाराकडे निघाली की तोही चिनाराकडे, फेरी हॉटेलाकडे वळली की तोही हॉटेलाकडे. असा तो दीड तास आमच्याबरोबर पाण्यातून फेरी मारत होता. सगळे जेवायला घरी गेले, आवाज थांबला, तेव्हा कुठे त्याची होडी किनाऱ्याला लागली. तो वैतागून दुकानात आला. मामाने त्याच्याही बुटाला खिळा मारला.

मी ठरवलं, आता मामाची एक छोटी फिल्म करायची. कॅमेरा त्याच्या तोंडासमोर धरला. "मामा, सांग लोकांना, तुझं गुपित काय?"

मामाने कॅमेऱ्याच्या डावीकडे बघून विचारलं, "कोण आहे तिकडे?"

"मीच आहे. इकडे."

"दार बंद कर, नेस्ती."

मी दार बंद केलं. तो म्हणाला, "एप्रिलमध्ये सकाळी उठलो तर धुकं होतं. म्हटलं, जाईल दुपारपर्यंत. गेलं नाही. अजून आहे. माणूस हातभर अंतरावर आला तरी मला कोट दिसतो, आत कोण आहे ते दिसत नाही."

"म्हणजे मोतीबिंदू?"

"नाव तुला माहीत. मला धुकं माहीत. फेरीत सगळे माझ्यासमोरून गेले असणार, आणि मी नमस्कार न करता पुढे. वांजेल. किचो. सगळेच. महिनाभरातच कळलं, लोक दारात यायचे बंद झाले. झानेता तेवढी राहिली, कारण ती बोलत येते."

मी स्टुलावर बसलो. चार वर्षांची फी भरून मी लोकुम घेऊन आलो होतो. "मग सांगायचं ना लोकांना! दिसत नाही म्हणून."

"आंधळ्या मोच्याकडे कोण बूट देतो, प्रोफेसर? आणि ओलिंबीला कळलं की ती सणाची तरी वाट बघेल का? उद्याच येईल. तिथे ऑपरेशन, मग औषधं, मग तपासणी, मग आता थंडी आहे, मग आता ऊन आहे. गर्विष्ठ म्हणवून घेतलेलं परवडतं. गर्विष्ठ माणसाला कुणी उचलून नेत नाही."

सणाला बारा दिवस होते. दुकान चालत होतं. मी गप्प राहायचं कबूल केलं.

ओलिंबीताई दोन दिवस आधीच आली. आम्हाला न कळवता. संध्याकाळच्या बसने उतरली, बॅग झानेताकडे टाकली, आणि बाबांना चकित करावं म्हणून थेट फेरीत मिसळली. पायात पांढरे, जाड रबराचे बूट. लारिसात सगळे तसलेच घालतात म्हणे. कापसावरून मांजर चालावं तशी ती धुक्यातून आली.

मी दुकानाच्या दारात होतो. मामा बाकावर, मान खाली, कान उघडे. "शुभ संध्याकाळ, स्पिरो. किचो, आज मासे कसे? वांजेल, बायकोला सांग, तिची टाच सैल झाली आहे." आणि या तिघांच्या मधून ओलिंबीताई आली, बाकासमोर येऊन हसत उभी राहिली. हातभर अंतरावर.

मामाने तिच्यातून आरपार बघितलं आणि तिच्या मागून येणाऱ्या टाचेला म्हणाला, "शुभ संध्याकाळ, झानेता."

मी ओरडायला तोंड उघडलं. काय ओरडणार होतो? नाव घेतलं तर सगळं फुटणार होतं, नाही घेतलं तर समोर दिसत होतं ते होणार होतं. मी तोंड उघडंच ठेवलं. ओलिंबीताईचं हसू जागेवरच वाळलं. ती पाठ फिरवून चालायला लागली, आणि तिच्या चालण्याचा काही आवाज आला नाही.

गावात मात्र आवाज झाला. फेरी चिनारापर्यंत पोचायच्या आत सगळ्यांना कळलं होतं की थिमीने सख्ख्या मुलीला नमस्कार केला नाही. परत येईपर्यंत दोन बाजू पडल्या होत्या. अर्ध्यांचं म्हणणं, चौथा मजला हा बापाचा अपमान आहे. उरलेल्या अर्ध्यांचं म्हणणं, लिफ्ट असताना कसला अपमान? वांजेल आणि त्याची बायको निरनिराळ्या बाजूंना गेले आणि रस्त्याच्या दोन कडांनी चालायला लागले.

ओलिंबीताई दुकानात आली तेव्हा मामा दिवा लावत होता. दिव्याचा त्याला उपयोग नाही, पण संध्याकाळी लावायचा असतो. तिने झानेताकडून आणलेली बॅग धाडकन जमिनीवर आपटली.

"ओलिंबी?" मामा म्हणाला. बॅगच्या आवाजावरून नव्हे, श्वासावरून ओळखलं त्याने.

"आता ओळखलंत? आता, कुणी बघत नाही तेव्हा? अख्ख्या गावासमोर मला हवेसारखं सोडून दिलंत! मी काय वाईट केलं तुमचं? घरी या म्हटलं, एवढंच ना? इतका राग होता तर फोनवर शिव्या घालायच्या होत्या. पण फेरीत? बाबा, फेरीत?"

मामाचा हात दिव्यापाशीच राहिला. तिने काय पाहिलं असेल ते त्याच्या लक्षात आलं. मला त्याचा चेहरा दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर हिशेब चालला होता हेही दिसत होतं. नुसतं गप्प राहिलं असतं तरी पुरे होतं. ती रडत उद्याच्या बसने परत गेली असती. दुकान चालू होतं, ती आपल्या शब्दाला पक्की आहे, आणि रागावलेली मुलगी बापाला चौथ्या मजल्यावर नेत नाही. एवढं सगळं त्याला गप्प राहून मिळत होतं.

"आता परत नाही म्हणणार या म्हणून," ती म्हणाली. "राहा तुम्ही."

तिने बॅग उचलली.

"तू मला दिसली नाहीस," मामा म्हणाला.

"हातभर अंतरावर होते मी!"

"मला कुणीच दिसत नाही, पोरी. एप्रिलपासून. मी टाचा ऐकतो. तुझे हे बूट मुके आहेत."

ओलिंबीताईने त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवला. मग दुसरा हलवला, जसं काही पहिल्या हाताची चूक असेल. मग माझ्याकडे वळली. "तुला माहीत होतं?"

मी एका बुटाकडे खूप लक्ष देऊन बघायला लागलो.

"उद्या निघायचं," ती बापाला म्हणाली. रडत होती, पण आता निराळं रडत होती. "उद्याच."

"हो," मामा म्हणाला. त्याने एप्रन काढला, घडी घालायला गेला, ती वाकडी पडली, परत घातली.

तेवढ्यात दारातून वांजेल आत शिरला. दुकानाबाहेर निम्मं गाव उभं होतं. दुसरं निम्मं त्यांच्या मागे उभं होतं. "म्हणजे मे महिन्यात," वांजेल बोट रोखून म्हणाला, "चर्चच्या पायऱ्यांवर, मी नवा कोट घातलेला होता, आणि तू नुसता पुढे निघून गेलास, तो अपमान नव्हता?"

"नव्हता, वांजेल."

"सहा महिने मी या गल्लीतून पावसुद्धा घेतला नाही! बायकोला घेऊ दिला नाही!" त्याचा आवाज चढत गेला. "डोळ्यांचं सांगायला माझंच दुकान सापडलं नाही का तुला? औषधवाला आहे मी!"

"तुझ्याकडे आलो असतो तर अख्ख्या गावाला कळलं असतं."

वांजेलने मागे वळून अख्ख्या गावाकडे पाहिलं. मग रोखलेलं बोट खाली घेतलं.

लारिसात डिसेंबरातच एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसरा वसंतात करू म्हणाले. मग तपासणी, मग थेंब, मग आता थंडी आहे. दुकान मी उघडत होतो. लोक येत होते, मामाचा निरोप आहे का विचारत होते, आणि बूट परत घेऊन जात होते.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी मामाचा फोन आला. "पलीकडची बाई रोज तेच दोन टॉवेल वाळत घालते," तो म्हणाला. "निळे. स्वच्छ दिसतात. फेरी चालू आहे का रे?"

"चालू आहे."

"फोन जरा रस्त्याकडे धर."

मी बाकावर बसून फोन धुक्यात पुढे धरला. फोनमधून मामाचा बारीक आवाज यायला लागला. स्पिरो. किचो. वांजेल, आणि बायको त्याच बाजूने, बरं झालं. लोक थांबून फोनला टोप्या काढत होते. चौथ्या मजल्यावर, एक डोळा अजून धुक्यात असताना, तो माझ्या गावाची हजेरी घेत होता. मग एक टाच आली. टक, टॅण्.

फोनमधून प्रश्न आला.

"हा कोण?"

"शाळेतला नवा मास्तर."

"खिळा कुणी मारला?"

"मी."

"एक सूत चुकलाय," मामा म्हणाला. "हा माणूस चालत नाहीये, कुणीतरी डब्यावर चमचा आपटतंय. अजून किती जणांना मारलेस?"

"अकरा."

"ओलिंबी! माझी बॅग कुठे आहे? नेस्ती, रविवारच्या बसने येतो मी. तोवर कुणाच्या बुटाला हात लावायचा नाही."

"दुसऱ्या डोळ्याचं काय, बाबा?" मागून आवाज आला.

"वसंतात येईन की परत. बस दोन्हीकडे जाते."

थोडी झटापट झाली, दार आपटलं, आणि फोनवर ओलिंबीताई आली. आवाज दबलेला. "नेस्ती, खरं सांग. मुद्दाम वाकडे मारलेस ना खिळे?"

समोरून शाळेचा मास्तर परत येत होता, आपल्याच टाचेने जरा गोंधळलेला.

"नाही, ताई," मी म्हणालो. "मला सरळ येतच नाहीत."